घराच्या अंतर्भागासाठी रंगाची निवड : बडनेरा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

घराच्या आतील भिंतींना द्यावयाच्या रंगाची निवड बहुधा छटापत्रिका पाहून, दुकानदाराच्या शिफारशीवर अथवा प्रतिलिटर किमतीवर केली जाते. रंगाची गुणवत्ता मात्र त्याच्या घटकद्रव्यांवर, भिंतीच्या अवस्थेवर आणि स्थानिक हवामानावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात रंगाची घडण, बाजारातील प्रचलित प्रकार, बडनेरा परिसरातील क्षार, काळी माती व उष्मा यांमुळे निर्माण होणारे प्रश्न, शिशाचा आरोग्यविषयक धोका आणि गुणवत्ता पारखण्याच्या सोप्या पद्धती यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : रंगद्रव्य, बंधक, इमल्शन, लोणा, खारपाणपट्टा, शिसे.

प्रस्तावना

वऱ्हाडात घर रंगविण्याची परंपरा जुनी आहे. पांढऱ्या मातीने भिंती पोतारणे, शेणाने जमीन सारवणे, पुढे चुन्याची सफेदी करणे आणि चुन्यात थोडी नीळ मिसळणे ही कामे घरातील माणसेच करीत असत. या पद्धतींत भिंत आणि तिच्यावरील थर एकाच जातीचे असत. मातीच्या भिंतीवर माती बसे आणि चुन्याच्या गिलाव्यावर चुना बसे. थर पातळ होता, दरवर्षी नवा दिला जात होता आणि भिंतीतील ओल त्यातून सहज बाहेर पडत होती.

सिमेंटचा गिलावा आणि कारखान्यात तयार झालेला रंग आल्यानंतर हे नाते बदलले. रंग आता पाचसहा वर्षे टिकावा अशी अपेक्षा असते, त्याच्यावर मोठी रक्कम खर्च होते आणि त्याची घटना सामान्य ग्राहकाला अपरिचित असते. १९८३ मध्ये अमरावती महानगरपालिका स्थापन झाल्यानंतर बडनेरा तिच्या हद्दीत आले. आज येथे जुन्या वस्तीतील माती-विटांची जाड भिंतीची घरे आहेत आणि कधीकाळी कपाशीची शेते असलेल्या जमिनीवर पडलेल्या नव्या लेआउटमधील सिमेंट-काँक्रीटची घरेही आहेत. दोन्ही प्रकारच्या घरांना एकच रंग, एकाच पद्धतीने दिला जातो आणि दोन पावसाळ्यांनंतर पोपडे निघू लागले की दोष रंगाच्या कंपनीला अथवा पेंटरला दिला जातो. दोष पुष्कळदा निवडीत असतो. ही निवड शास्त्रीय पायावर कशी करता येईल, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे.

१. रंगाची घडण

कोणत्याही रंगात प्रामुख्याने चार घटक असतात : रंगद्रव्य, पूरक भुकटी, बंधक आणि द्रावक. यांखेरीज बुरशीरोधक, फेसरोधक इत्यादी पूरके अल्प प्रमाणात असतात.

रंगद्रव्य भिंत झाकते व छटा देते. पांढऱ्या आणि फिकट रंगांत हे काम टायटॅनियम डायऑक्साइड करते. हा पदार्थ महाग आहे आणि रंगाच्या किमतीचा मोठा भाग त्याच्यामुळे असतो. पूरक भुकटी म्हणजे खडू, चिनी माती, शंखजिरे यांसारखी स्वस्त खनिजे. त्यांनी आकारमान वाढते आणि चकाकी कमी करता येते. बंधक म्हणजे कणांना एकमेकांशी व भिंतीशी धरून ठेवणारा चिकट पदार्थ. इमल्शनमध्ये तो बहुधा अॅक्रिलिक जातीचा असतो, तर ऑइल पेंटमध्ये तैलजन्य राळ असते. द्रावक पाणी अथवा टर्पेंटाइनसारखे द्रव्य असते. रंग वाळताना ते उडून जाते आणि उरलेले घन पदार्थच भिंतीवर राहतात.

स्वस्त आणि चांगल्या रंगातील फरक समजून घेण्यासाठी प्रकाशाच्या वक्रीभवनाचा विचार उपयोगी पडतो. टायटॅनियम डायऑक्साइडच्या रुटाइल प्रकाराचा वक्रीभवनांक सुमारे २.७ आहे, खडूचा सुमारे १.६ आणि बंधकाचा सुमारे १.५. रंगद्रव्य आणि बंधक यांच्या वक्रीभवनांकांत जितके अंतर अधिक, तितका प्रकाश अधिक विखुरला जातो व पृष्ठभाग अधिक झाकला जातो. खडू आणि बंधक यांतील अंतर अल्प असल्यामुळे बंधकात पूर्णपणे भिजलेला खडू जवळजवळ पारदर्शक दिसतो.

असे असूनही खडूप्रधान डिस्टेंपर वाळल्यावर पांढरेशुभ्र दिसते. त्याचे कारण असे की त्यात बंधक अपुरा असल्याने कणांमध्ये हवेच्या पोकळ्या राहतात आणि खडू व हवा यांतील फरकामुळे प्रकाश विखुरतो. भिंत ओली झाली की त्या पोकळ्यांत पाणी शिरते आणि खालचा डाग पुन्हा दिसू लागतो. चुन्याची सफेदी ओली असताना अंगचा रंग दाखवते व वाळल्यावर उजळते, हा सर्वांच्या परिचयाचा अनुभव याच जातीचा आहे. ज्या रंगाचे झाकणे केवळ हवेवर अवलंबून आहे, त्याच पोकळ्यांत मळ, तेल आणि ओलही शिरते. म्हणून असा रंग पुसता येत नाही.

२. प्रचलित प्रकार आणि त्यांचा उपयोग

चुना : स्वस्त, क्षारधर्मी असल्याने बुरशीला प्रतिबंध करणारा आणि ओल बाहेर सोडणारा. हाताला लागतो व टिकाऊ नाही. माती-विटांच्या जुन्या भिंती, कोठीघर, गोठा यांसाठी आजही योग्य. मात्र चुन्याच्या जुन्या थरांवर थेट इमल्शन देऊ नये. इमल्शन भिंतीला न धरता सुट्या चुन्याला धरते आणि चुन्यासह सुटून येते.

डिस्टेंपर : कोरडे डिस्टेंपर पाण्याने निघून जाते. ऑइल बाउंड अथवा अॅक्रिलिक डिस्टेंपर काही प्रमाणात पुसता येते. भाड्याच्या खोल्या अथवा वारंवार रंगवावयाच्या जागा यांसाठी ते पुरेसे ठरते.

इमल्शन : बैठक, शयनगृह, अभ्यासिका यांसाठी सर्वसाधारणपणे सर्वांत उपयुक्त. यातही प्राथमिक, मध्यम आणि उच्च असे स्तर असून फरक मुख्यतः बंधक व टायटॅनियम डायऑक्साइडच्या प्रमाणाचा असतो. छतासाठी अचकाक, तर स्वयंपाकघर आणि मुलांच्या खोलीसाठी किंचित तकतकीत व धुण्याजोगा प्रकार घ्यावा. अचकाक रंग भिंतीतील उंचवटे झाकतो, चकाकी असलेला रंग ते उघड करतो.

एनॅमल अथवा ऑइल पेंट : दारे, खिडक्या, लोखंडी जाळ्या यांसाठी. नव्या सिमेंट गिलाव्यावर तो देणे चुकीचे आहे. सिमेंटची तीव्र क्षारता तेलाशी संयोग पावून साबण तयार करते आणि रंग चिकट होऊन सुटतो.

याशिवाय खादी व ग्रामोद्योग आयोगाने विकसित केलेला गाईच्या शेणावर आधारित ‘प्राकृतिक पेंट’ जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते बाजारात आला. तो डिस्टेंपर व इमल्शन अशा दोन रूपांत आहे. अशा रंगाची परीक्षाही झाकण्याची शक्ती, पुसण्याची क्षमता आणि भिंतीशी जवळीक या समान निकषांवरच व्हावयास हवी.

डब्यावर भारतीय मानक ब्यूरोचा मानक क्रमांक पाहण्याची सवय असावी. प्लास्टिक इमल्शनसाठी आय. एस. १५४८९ आणि धुण्याजोग्या डिस्टेंपरसाठी आय. एस. ४२८ ही मानके आहेत.

३. बडनेरा परिसरातील भिंतींचे प्रश्न

(अ) क्षार आणि लोणा

पूर्णा नदीच्या गाळाच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. बडनेऱ्याच्या शेजारचा भातकुली तालुका, तसेच पुढील दर्यापूर तालुका या पट्ट्यात येतात. येथील भूजल खारे आहे. बांधकामासाठी बोअरचे खारे पाणी वापरले अथवा क्षारयुक्त मातीच्या विटा आल्या, तर क्षार भिंतीत कायमचे मुक्कामाला येतात.

पुढील प्रक्रिया सरळ आहे. जमिनीतील ओल केशाकर्षणाने भिंतीत चढते, क्षार विरघळवून पृष्ठभागाकडे आणते आणि पाणी उडून गेले की क्षारांचे स्फटिक मागे राहतात. भिंतीवर दिसणारा पांढरा भुरा तो हाच लोणा. स्फटिक रंगाच्या थरामागे तयार झाले तर त्यांच्या दाबाने पोपडे निघतात. अशा भिंतीला अधिक महाग आणि अधिक अभेद्य रंग दिल्यास ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते व ती आणखी वर चढते. म्हणजे चांगल्या प्रतीचा रंग येथे लवकर बिघडलेला दिसतो.

म्हणून प्रथम ओलीचा उगम शोधला पाहिजे. जोत्यावर ओलरोधक थर नसणे, अंगणाची पातळी जोत्याच्या वर येणे, भिंतीलगत पाणी साचणे अथवा नळाची गळती ही नेहमीची कारणे आहेत. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढावा. तो पाण्याने धुतल्यास क्षार पुन्हा भिंतीत मुरतात. कुजलेला गिलावा काढून गोड्या पाण्यात केलेला नवा गिलावा द्यावा. उगम थांबविणे शक्य नसेल, तर भिंतीच्या खालच्या भागाला चुन्यासारखा श्वसनक्षम लेप देणे हा प्रामाणिक उपाय होय.

(आ) काळी माती

कापसाची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट जातीचे चिकणखनिज त्यास कारणीभूत आहे. पाया पुरेसा खोल नसेल तर घर दरवर्षी सूक्ष्म प्रमाणात हलते आणि भिंतींना, विशेषतः खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून, तिरप्या भेगा पडतात. अशा भेगांत कठीण पुट्टी भरल्यास ती पुढच्या ऋतूत पुन्हा फुटते. हलणाऱ्या भेगेसाठी लवचीक अॅक्रिलिक भरण हवे. भेग दरवर्षी रुंदावत असेल, तर स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेतल्यावाचून रंगकाम हाती घेऊ नये.

(इ) उष्मा, कूलर आणि हंगाम

येथील उन्हाळ्यात तापमान ४४-४५ अंश सेल्सिअसच्या घरात जाते. इमल्शन वाळताना बंधकाचे सूक्ष्म थेंब एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा तयार व्हावा लागतो. तापलेल्या पश्चिमेकडील भिंतीवर पाणी इतक्या वेगाने उडते की ही क्रिया अपुरी राहते आणि ब्रशच्या खुणाही उमटतात. उन्हाळ्यात काम करावयाचे असल्यास सकाळची वेळ निवडावी व भिंत आधी किंचित ओलसर करावी.

वऱ्हाडातील घराचा अपरिहार्य घटक म्हणजे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर. त्यातील पाणी सतत उडत असल्याने टाकीतील क्षारांचे प्रमाण वाढत जाते आणि गळणाऱ्या थेंबांनी खिडकीखालील भिंतीत तेच क्षार जिरतात. बंद खोलीतील दमटपणामुळे कपाटामागे बुरशीही धरते. कूलरच्या खिडकीखालील पट्ट्यात टाइल बसविणे, पाणी बाहेर नेणारी नळी लावणे आणि त्या खोलीसाठी बुरशीरोधक इमल्शन घेणे हे उपाय कोणत्याही महाग रंगापेक्षा अधिक उपयोगी आहेत.

दसरा-दिवाळीपूर्वी रंगकामाची घाई होते. पावसाळा नुकताच संपलेला असल्याने भिंती तेव्हा पूर्ण कोरड्या झालेल्या नसतात. भिंतीची ओल तपासण्यासाठी सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीरुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवावा. सकाळी आतल्या बाजूला दव दिसले अथवा भिंत गडद झाली असेल, तर काम पुढे ढकलावे. नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ येथे सर्वांत अनुकूल असतो. नव्या गिलाव्याला क्युरिंगनंतर वाळण्यासाठी पुरेसा अवधी देणे तितकेच आवश्यक आहे.

४. शिशाचा प्रश्न

रंगाच्या गुणवत्तेची चर्चा टिकाऊपणापुरती मर्यादित ठेवता येत नाही. शिशाची संयुगे शतकानुशतके रंगद्रव्य म्हणून वापरली गेली. सफेदा हे शिशाचे कार्बोनेट, शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड आणि क्रोम पिवळा हे शिशाचे क्रोमेट होय. त्यांतील धोका जगाला नवा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने रंगकामातील सफेद्याच्या वापरावर निर्बंध घालणारा करार १९२१ मध्येच स्वीकारला होता आणि अमेरिकेने घरगुती रंगातील शिशावर १९७८ मध्ये बंदी आणली.

भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली थांबली. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे नियमन करणारे नियम मात्र १ नोव्हेंबर २०१६ रोजी अधिसूचित झाले व एक वर्षानंतर, नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यानुसार शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग एवढी आहे. औद्योगिक रंग या नियमांच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे वाहने अथवा यंत्रे यांसाठीचा रंग स्वस्त मिळाला म्हणून घरातील जाळीला किंवा पाळण्याला देणे धोक्याचे आहे.

याचा व्यावहारिक अर्थ असा की २०१७ पूर्वी रंगविलेल्या दारे-खिडक्यांवर, विशेषतः पिवळ्या, हिरव्या, लाल व शेंदरी एनॅमलमध्ये, शिसे असण्याची शक्यता गृहीत धरावी. पाण्यात मिसळणाऱ्या भिंतीच्या रंगांत हा धोका तुलनेने कमी होता. शिसे बालकांच्या मेंदूच्या वाढीवर कायमचा परिणाम करते आणि रक्तातील त्याची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. रांगणारे मूल जमिनीवरील धूळ हाताने तोंडात घालते. शिशाची संयुगे चवीला गोडसर असल्याने निघालेला पोपडा चघळण्याची सवयही लागू शकते.

जुना रंग पॉलिश पेपरने कोरडा घासणे ही आपल्याकडील सर्वसामान्य पद्धत आहे आणि तीच सर्वांत घातक आहे. घासकाम पाणी लावून करावे, खाली प्लास्टिक अंथरावे, केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने जागा पुसावी आणि लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांना त्या काळात घरापासून दूर ठेवावे. पेंटरच्या तोंडावर केवळ रुमाल नव्हे, तर धूळरोधक मुखपट्टी असावी. एका घराला हा धोका दोनचार दिवसांचा असतो, पेंटरला तो वर्षभर असतो. जुना रंग घट्ट बसलेला असेल तर तो न खरवडता वरून नवा थर देणे अधिक सुरक्षित ठरते.

५. गुणवत्ता कशी पारखावी

प्रयोगशाळेवाचून करता येतील अशा काही चाचण्या पुढीलप्रमाणे आहेत. त्यासाठी रंगाचा लहान डबा आणून सिमेंट शीटच्या तुकड्यावर अस्तरासह दोन हात द्यावेत.

१) झाकण्याची चाचणी : पृष्ठभागावर आधी काळा पट्टा ओढावा. दोन हातांनंतर पट्टा किती दिसतो ते पाहावे.
२) ओलेपणाची चाचणी : पूर्ण वाळल्यावर त्या जागी पाणी लावावे. पट्टा पुन्हा स्पष्ट दिसू लागल्यास रंगात खडू अधिक व बंधक कमी आहे.
३) पुसण्याची चाचणी : आठवड्यानंतर ओल्या फडक्याने घासावे. फडक्याला रंग लागता कामा नये. हळद व तेल यांचा डाग पाडून तो सौम्य साबणाने निघतो का, तेही पाहावे.
४) लेबल : निर्मितीची तारीख, बॅच क्रमांक, शिशाविषयीचा उल्लेख आणि पाणी मिसळण्याचे प्रमाण वाचावे. एकाच खोलीसाठी एकाच बॅचचे डबे घ्यावेत.

डबा जड म्हणजे रंग चांगला, हा समज निराधार आहे. खडूही जड असतो. तसेच वाळल्यानंतर उग्र वास दीर्घकाळ राहणारा रंग बंद खोलीत टाळावा. दम्याचा विकार असलेल्या व्यक्तीच्या खोलीसाठी बाष्पशील सेंद्रिय द्रव्ये कमी असलेले इमल्शन निवडावे आणि निदान काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

६. खर्चाचा हिशेब

समजा, खोली १२ × १० फूट असून उंची १० फूट आहे. चार भिंतींचे क्षेत्रफळ ४४० चौरस फूट. दाराचे २१ व खिडकीचे १६ चौरस फूट वजा केल्यास ४०३ चौरस फूट उरतात. एका रंगाचा एक लिटर दोन हातांत १४० चौरस फूट आणि दुसऱ्याचा ८० चौरस फूट पुरतो असे धरल्यास पहिला सुमारे २.९ लिटर, तर दुसरा सुमारे ५ लिटर लागेल. म्हणजे पहिल्याचा प्रतिलिटर भाव दुसऱ्याच्या पावणेदोन पट असला तरी साहित्याचा खर्च सारखाच येतो. पेंटरची मजुरी दोन्ही वेळी तीच असते. पहिला रंग दुप्पट काळ टिकला, तर एका आवर्तनाची मजुरी, पुट्टी आणि घरातील विस्कळीतपणा वाचतो.

हाच विचार महाविद्यालयांच्या खरेदी व बांधकाम समित्यांनाही लागू पडतो. वर्गखोल्या व वसतिगृहे यांसाठी प्रतिलिटर किमान दराची निविदा स्वीकारली जाते. निविदेत दोन हातांनंतरचा प्रतिचौरस फूट खर्च, मानक क्रमांक आणि नमुना तुकड्यावरील ओलेपणाची चाचणी यांचा अंतर्भाव केल्यास संस्थेचे दीर्घकालीन हित साधेल. अशा चाचण्या विद्यार्थ्यांकडून प्रकल्प म्हणून करून घेणे रसायनशास्त्राच्या विभागालाही सहज शक्य आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला, रंगाची प्रत म्हणजे बंधक आणि रंगद्रव्य यांचे प्रमाण. छटा हा त्यानंतरचा विचार आहे. दुसरा, खारपाणपट्ट्याच्या सीमेवरील आणि काळ्या मातीवरील घरात भिंतीची चिकित्सा आधी व रंगाची खरेदी नंतर हा क्रम अनिवार्य आहे. ओलीवर रंग हा उपाय नव्हे. तिसरा, जुन्या एनॅमलचे कोरडे घासकाम थांबविणे हे कोणत्याही महाग रंगाच्या निवडीपेक्षा मुलांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. चौथा, किमतीची तुलना लिटरवर न करता चौरस फूट आणि टिकण्याची वर्षे यांवर करावी.

पांढऱ्या मातीने भिंती पोतारणाऱ्या पिढीला आपली माती, आपले पाणी आणि आपला ऋतू यांचे ज्ञान होते. साहित्य बदलले असले तरी त्या ज्ञानाची गरज संपलेली नाही. आधुनिक रंगाच्या रसायनशास्त्राची त्याला जोड मिळाली, तर दिवाळीपूर्वीचा खर्च पुढील दिवाळीपर्यंत पोपड्यांच्या रूपाने जमिनीवर येणार नाही आणि घरातील बालकाचा श्वासही सुरक्षित राहील.